एल्क फोर्कचं भाषण

३ ऑक्टोबर १९७५, शुक्रवार

चोर! माझ्या दुसऱ्या बायकोला आजवर मी पुष्कळ नावं ठेवली, पण हे ठेवायचं राहून गेलं होतं. आज ठेवतो.

सकाळी तो दाढीवाला लायोनेल प्राइस आला होता. फिल्म सोसायटीचा चिटणीस. पोरगेलाच आहे, पण माझे सगळे चित्रपट त्याला तोंडपाठ, मी स्वतः जे विसरायचा प्रयत्न करतो तेसुद्धा. चौदा नोव्हेंबरला माझा सत्कार करायचं घाटतंय, त्याची बोलणी करायला आला होता. मी बऱ्यापैकी कोट चढवून बसलो होतो. अंगणातल्या लिंबाच्या झाडावर ऊन आलं होतं आणि शाळेत मिस हाइबर्टनी म्हणून घेतलेली एक कविता माझ्या ओठांवर येत होती. असा गोड चाललेला दिवस. आणि हा मुलगा कॉफी ढवळता ढवळता म्हणाला,

“मिस्टर हार्टनी, ‘एल्क फोर्क’मधला स्टेशनचा प्रसंग तर दाखवणारच आम्ही. पण मिस स्लोकम यांच्याकडे त्यातला कापलेला भागसुद्धा आहे. तो कधी पाहिलाय तुम्ही?”

“कसला भाग?”

“तुमचं भाषण. त्यांच्या गॅरेजमध्ये आहे. रंगाच्या डब्यांमागे.”

त्या भाषणाचं काय झालं म्हणून स्टुडिओत मी किती जणांपुढे तोंड वेंगाडलं होतं! फितीतली चांदी काढायला जुनं सगळं भट्टीत घातलं, असं सांगितलं होतं मला. म्हणजे जळलं. माझ्या आयुष्यातलं एकुलतं एक खरं काम जळून गेलं असं समजून मी म्हातारा झालो. आणि ते होतं इथे जवळच बरबँकमध्ये, त्या दुसऱ्या बायकोच्या, फ्रीडा स्लोकमच्या रंगाच्या डब्यांमागे!

लायोनेलला म्हटलं, “भाषण दाखवणार असाल तर मी येतो. नाहीतर तुमचा सत्कार तुम्हीच करून घ्या.”

तो इतका खूष झाला की कॉफी तशीच टाकून निघाला.

५ ऑक्टोबर

डोकं शांत होत नाही. सगळं लिहून काढतो, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारा उगाच कांगावा करतोय.

‘एल्क फोर्क’मध्ये मी ॲब्नर. कॅन्ससच्या माळावरचा शेतकरी. बायको रूथ पूर्वेकडे माहेरी निघून चाललीय, हा स्टेशनवर उभा. पटकथेत ॲब्नरच्या तोंडी तिथे एक शब्द नव्हता. मी दिग्दर्शक स्ट्राउडच्या मागे लागलो. म्हटलं, मी स्वतः त्या माळावर जन्मलोय, मला लिहू दे. आणि लिहिलं. वारा, गवत, एल्म झाडांच्या सावल्या, सगळं. आमच्या एका खोलीच्या शाळेत दर शुक्रवारी पाठांतर व्हायचं, त्यात सबंध जिल्ह्यात माझा हात धरणारा नव्हता. मिस हाइबर्ट हातवाऱ्यांसकट कविता बसवून घ्यायच्या. हृदय म्हटलं की उजवा हात छातीवर, आकाश म्हटलं की वर, मृत्यू म्हटलं की मान खाली. ते सगळं मी त्या भाषणात ओतलं. स्ट्राउडने एक अख्खी सकाळ दिली मला. भाषण संपलं तेव्हा कॅमेऱ्यामागचा सुतार डोळे पुसत होता. (धूळ होती, असं फ्रीडा नंतर म्हणाली. तिला विचारलं होतं कोणी?)

चित्रपट जोडायचं काम फ्रीडाकडे होतं. इथे त्यांना कटर म्हणतात, शिंप्याकडे म्हणतात तसं. आमच्या लग्नाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

पहिल्या खेळाला ती माझ्या शेजारी बसली होती, हिरव्या पोशाखात. स्टेशन आलं. गाडी आली. रूथ चढली. मी खुर्चीत सावरून बसलो. फ्रीडाने माझा हात धरला. पडद्यावर माझा चेहरा. नुसता चेहरा. मग आणखी चेहरा. मग शिट्टी, धूर, समाप्त. भाषण नाही! लोक हमसून रडत होते आणि माझा हात तिच्या हातात थिजला होता.

गाडीत विचारलं, “भाषण कुठे गेलं?”

“काढलं.”

“कोणी?”

“मी.”

“कधी?”

“मार्चमध्ये.”

“म्हणजे मार्चपासून रोज सकाळी माझ्यासमोर बसून तू अंडी खात होतीस आणि…”

“हो.”

त्या ‘हो’वर लग्न मोडलं. लोक काहीही सांगोत. त्या ‘हो’वर मोडलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत माझ्या चेहऱ्याशिवाय विषय नव्हता. पुढची सगळी वर्षं प्रत्येक दिग्दर्शक हेच सांगत आला, “डेल, तू बोलू नकोस, तू फक्त बघ.” मी! ज्याला सबंध जिल्ह्यात पहिलं बक्षीस होतं तो! मला गप्प बसायचा पगार मिळत होता. तरीही मी निभावून नेलं. ती नजर कशी साधली हे मी नाट्यशाळेत कितीदा समजावून सांगितलंय. भाषण संपल्यावर त्याचा नाद डोळ्यांत उरतो, तो कॅमेऱ्याने टिपला, असं. मुलं लिहून घ्यायची.

बाकीच्या लग्नांबद्दलही एकदा लिहून टाकतो. पहिली ॲडेलीन, आमच्या गावचीच. स्टुडिओने माझं नाव बदललं ते तिला सहन झालं नाही. “मी ऑर्विल झुकशी लग्न केलं, हा डेल हार्टनी कोण माझ्या अंथरुणात?” असं म्हणून ती कॅन्ससला परत गेली. तिसरी कॅमिल. ते लग्न प्रसिद्धी खात्याने जुळवलं, केकसुद्धा त्यांनीच ठरवला. फोटोवाला मला म्हणाला होता, “गाडीकडे बघितलं होतंत ना, तसं बघा नवरीकडे.” मला जमलं नाही. चौथी डॉरिस. तिने तो चित्रपट पोरवयात पाहिला होता. दोन वर्षांनी बॅगा भरताना म्हणाली, “मला तो गप्प माणूस हवा होता, डेल. तू तर आंघोळ करतानासुद्धा बोलतोस.” गेली ॲरिझोनाला.

यात माझा काय दोष, ते मला अजून कळलेलं नाही.

९ ऑक्टोबर

फोन केला. मधल्या वर्षांत भेटलो ते अंत्ययात्रांना, त्यामुळे आवाज ऐकल्याबरोबर ती म्हणाली, “कोण गेलं?”

“कोणी गेलं नाही. मी बोलतोय.”

“ते कळलं रे. तुझ्या आवाजात अजून पडदा वर जातो. बोल.”

“माझं भाषण दे.”

मागे तिचा पाळलेला कर्कश पक्षी ओरडत होता.

“लायोनेलला पोटात काही राहत नाही,” ती म्हणाली.

“तू ते चोरलंस, फ्रीडा.”

“चोरलं? भट्टीच्या ट्रकमधून उतरवून घेतलं मी ते. स्टुडिओची जुनी कोठी रिकामी करत होते तेव्हा. पाठीचा काटा ढिला झाला माझा.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“कारण तू म्हणाला असतास, दाखव.”

“अर्थात म्हणालो असतो!”

“मग हे उत्तर मिळालं की तुला.”

“चौदा तारखेला ते पडद्यावर दिसलं पाहिजे.”

“ऑर्व्ह, सत्काराची फीत मीच जोडतेय. लायोनेलने मलाच सांगितलंय. त्यात हे नसेल.”

“मी वकील करीन!”

“कर. चांगला कर. घटस्फोटाच्या वेळचा तुझा वकील तुझ्या फीपेक्षा माझी सहानुभूती जास्त घेऊन गेला होता.” आणि ठेवला की फोन.

१० ऑक्टोबर

वाळवंटाकडून गरम वारा सुटलाय. डोळ्यांत धूळ, दारं आपटतायत. सबंध अंगणात मीच तेवढा बाहेर, भाषण म्हणून बघत होतो. सगळं आठवतंय. एक शब्द गळलेला नाही.

१८ ऑक्टोबर

मी गप्प बसणार नव्हतोच. एका वर्तमानपत्राच्या मुलीने सत्काराबद्दल विचारायला फोन केला, तिला सगळं सांगितलं. आज छापून आलं. ‘हार्टनी यांचं हरवलेलं भाषण माजी पत्नीच्या गॅरेजमध्ये.’ फोटो तोच, नेहमीचा, बघणारा.

बक टिली पेपर घेऊन आला. म्हाताऱ्या कलाकारांच्या या आश्रमात तो माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. चित्रपटांत घोड्यावरून माझ्या जागी पडायचा. माझ्यासाठी जेवढी हाडं त्याने मोडली तेवढी माझ्या एकाही बायकोने मोडली नाहीत.

“हे बरं नाही केलंस,” तो म्हणाला.

“का? खोटं आहे?”

“खोटं नाही रे. पण ती बाई कोणाचं दडवून ठेवते का कधी? गवताच्या गंजीवरच्या माझ्या अगदी पहिल्या उडीचा तुकडा तिने मला नाताळात दिला होता. चौकटीत बसवून. आणि तुझं भाषण तिने दडवून ठेवलं. काहीतरी कारण असेल ना, लेका?”

“आकस!”

“ज्याच्यावर आकस असतो त्याचं बायका जाळतात. पाठीवर वाहून आणत नाहीत.”

“तुला घोड्यातलं कळतं, बक. तेवढ्यावरच बोल.”

“ते तर आहेच,” बक म्हणाला. “घोडासुद्धा तुझ्यापेक्षा कमी बोलायचा.”

दुपारी फ्रीडाचा फोन. पहिल्यांदाच तिचा आवाज चढलेला ऐकला. लग्नातसुद्धा चढला नव्हता.

“मी चोर? सबंध गावात मी चोर? आयुष्यभर मी माणसांच्या चुका कापून केराच्या टोपलीत टाकल्या, कोणाला कळू दिल्या नाहीत, आणि मला तू पेपरात…” मग म्हणाली, “पुढच्या रविवारी ये. बघ एकदा. बघून झाल्यावर मला काय म्हणायचं ते म्हण.”

जिंकलो.

२६ ऑक्टोबर, रविवार

बकच्या खटाऱ्यातून गेलो. तो बाहेर सावलीत झोपला.

गॅरेजमध्ये मोटार नाहीच. मधोमध तिचं जुनं संकलनाचं यंत्र, शिवणयंत्रासारखं, पायाने चालवायचं, वर पोस्टकार्डाएवढी काच. बाजूला कापड लावलेली टोपली आणि तिच्यावर खिळ्यांना लटकणाऱ्या फिती, वाळत घातल्यासारख्या. फ्रीडा बारीक झालीय. बोटं संधिवाताने वाकलीत, पण पांढरे हातमोजे तेच. मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, टोमणा दिला नाही. ते मला आवडलं नाही.

“हे तुझं,” ती म्हणाली आणि पाय दाबला.

मी होतो. किती तरुण! मागे माळ, गाडी, रूथचं काम करणारी ती लालसर केसांची मुलगी. आणि मी बोलायला लागलो.

“जा, रूथ! एल्मच्या सावलीतल्या त्या गावाला जा! माझं हृदय…” हात छातीवर. “हे आकाश साक्षी…” हात वर. “हा वारा तुझं नाव गवताला शिकवील…”

हात वर गेला. पुन्हा छातीवर आला. पुन्हा वर गेला. एकदा तर रूथ मान वळवून तो हात कुठे चालला ते बघते. बिचारीला हसू आवरत नाहीये, ओठ दाबलेत. मी शेजारी बसलेल्या फ्रीडाकडे बघितलं. मला वाटलं हसत असेल. ती हसत नव्हती. दात दुखत असल्यासारखी बघत होती.

संपलं. यंत्राची खडखड थांबली.

“प्रकाश वाईट होता,” मी म्हणालो.

“प्रकाश उत्तम होता.”

“स्ट्राउडने कॅमेरा चुकीच्या जागी ठेवला. लांबून घ्यायला हवं होतं.”

“पार तिकडे विचिटा शहरातून घेतलं असतं तरी हात दिसला असता, ऑर्व्ह.”

मी उठलो. म्हटलं, ठीक आहे, हातवारे थोडे जास्त असतील, पण त्या भाषणातूनच ती नजर आली ना? आधी भाषण, मग त्याचा नाद, मग डोळे. भाषण नसतं तर तुला कापून वापरायला चेहरा तरी कुठून मिळाला असता?

तिने मोजे काढले, पुन्हा घातले. “तुला खरंच असं वाटतं?”

“सबंध नाट्यशाळेला शिकवलंय मी ते!”

“बस खाली.”

दुसरी फीत लावली. माझा चेहरा. तो चेहरा, जो पोस्टरवर गेला, ज्याच्याशी डॉरिसने लग्न केलं. मी कुठेतरी डावीकडे बघतोय, अगदी शांत, जणू काही फार मोलाचं हातातून सुटतंय आणि ते थांबवायचं कसं ते माहीत नाही. कितीही वेळा बघितलं तरी पाणी येतं डोळ्यांत. मग फितीतून स्ट्राउडचा आवाज आला. स्पष्ट. “ॲक्शन!” आणि माझा चेहरा बदलला. छाती फुगली. हात वर आला.

तिने मागे नेलं. पुन्हा शांत चेहरा. पुन्हा “ॲक्शन!” पुन्हा हात.

“हे भाषणानंतरचं नाही,” फ्रीडा म्हणाली. “आधीचं आहे. तू काम सुरू करण्याच्या आधीचं. सुरुवातीची ती टाकाऊ फीत असते ना, ती. चित्रपटात मी तेवढंच वापरलं.”

मला काय झालं ते लिहिता येत नाही. मी ओरडलो. म्हटलं, “म्हणजे तो अभिनयच नव्हता? जगाने माझा गौरव केला तो कशाचा? तेव्हा माझ्या डोक्यात काहीसुद्धा नव्हतं! काहीसुद्धा! आदल्या दिवशी आपलं भांडण झालेलं, तू सकाळी डबा द्यायला आलीस आणि न बोलता परत निघालीस. तुझी ती खटारा फोर्ड सुरू होत नव्हती. ती सुरू होते की नाही तेवढं बघत होतो मी! मग झाली सुरू आणि तू गेलीस. बस! हा अभिनय? हा?”

फ्रीडा माझ्याकडे पाठ करून टोपलीवरच्या फिती नीट लावायला लागली. त्या नीटच होत्या. मी तिला आणखी बरंच बोललो. तिने ऐकलं की नाही कोण जाणे. शेवटी तसंच पाठमोरं म्हणाली, “मला हे माहीत नव्हतं.”

“काय माहीत नव्हतं?”

“काही नाही. तू घरी जा आता.”

शरमली असणार. शरमायलाच हवं.

२७ ऑक्टोबर

सगळ्यांचा राग येतोय. स्ट्राउडचा, तो मेला तरी. ओठ दाबून हसू आवरणाऱ्या त्या पोरीचा. आज मिस हाइबर्टचासुद्धा आला, आणि मग रडू आलं. पांढरी कॉलर लावून वर्गाच्या दाराशी उभ्या राहायच्या, खडूचे हात, आणि कविता म्हणताना त्यांचा आवाज थरथरायचा. त्या बाईंनी मला जे दिलं त्यावर मी सबंध आयुष्य जगलो. ते वाईट होतं असं कसं म्हणू?

बक म्हणाला, “काय दिसलं?”

म्हटलं, “हात.”

“कोणाचा?”

उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

३० ऑक्टोबर

लायोनेलचा उत्साही फोन. पेपरातल्या बातमीने सगळी तिकिटं संपली. लोक भाषण ऐकायला येतायत! आता मागे कसा हटू? आणि मी का हटावं? भाषण वाईट असेल, नसेल. पण मुद्दा तो नव्हताच. मला हे आजच लख्ख दिसलं. मुद्दा हा की मार्चमध्ये, अंडी खाताना, तिने मला विचारलं नाही. माझा आवाज कापताना मला विचारलं नाही. माझ्याशी लग्न केलेल्या बाईने.

हेच फोन करून तिला सांगितलं. म्हटलं, बाकी सगळं सोड. विचारायला हवं होतंस.

तिने आधी पक्ष्याला गप्प केलं.

“हो,” ती म्हणाली. “विचारायला हवं होतं.”

मी भांडायला शब्द जुळवून बसलो होतो.

“मला भीती वाटायची,” ती म्हणाली. “तू म्हणाला असतास, ठेव. आणि मी ठेवलं असतं. तुला नाही म्हणायला मला कधी जमलं नाही, ऑर्व्ह. कापता यायचं, म्हणून कापलं. पुढच्या रविवारपर्यंत थांबू नकोस, परवाच ये. आता विचारतेय तुला.”

२ नोव्हेंबर

काल तिने मला यंत्रापाशी तिच्या जागेवर बसवलं. हातात मेणाची पिवळी पेन्सिल दिली. फितीवर जिथे खूण करायची तिथे ती कापणार, जिथे नाही तिथे कात्री लावणार नाही. “सगळं ठेवलंस तर सगळं दाखवीन,” ती म्हणाली. “मान खाली घालून नाही, छाती पुढे काढून दाखवीन.”

मी पायाने यंत्र चालवलं. सुरुवातीला सगळंच ठेवलं. मग तो पहिला हात बघवेना, खूण केली. मग ‘आकाश साक्षी’वर केली. फ्रीडा बाजूला उभी. मी म्हणायचो, “हे?” आणि ती म्हणायची, “तू सांग.”

“हे तरी चांगलं आहे की नाही?”

“तू सांग.”

“एवढी वर्षं तुला मत होतं, आजच नाही?”

“आज नाही.”

तिला चिडवायचं म्हणून दोन वाक्यं मुद्दाम ठेवली. तिच्या चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही. मग मला स्वतःलाच ती खुपायला लागली. स्वतःच्या आवाजावर स्वतःच खूण करायची! कुणीतरी दुसऱ्याने हे करणं किती सोपं! ऊन गॅरेजच्या दारातून आत आलं आणि परत बाहेर गेलं. बकने येऊन सँडविच मागितलं, खाल्लं, पुन्हा जाऊन झोपला. टोपलीवर माझ्या भाषणाच्या फिती एकेक करून लटकत गेल्या. संध्याकाळपर्यंत एकच वाक्य उरलं. ‘हा वारा तुझं नाव गवताला शिकवील.’ तिथे हात चौकटीच्या बाहेर आहे, दिसत नाही.

हे मात्र मी काढणार नाही, म्हटलं. हे वाक्य शाळेच्या पायरीवर बसून सुचावं तसं सुचलं होतं मला. आधी हे, मग चेहरा, मग सुटणारी गाडी.

“नक्की?” फ्रीडा म्हणाली.

“नक्की.”

तिने कापलं आणि जोडलं. वाकड्या बोटांनी, पण जोड दिसला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल सत्कार झाला. आज सकाळपासून इतका चिडलोय की चहा तीनदा सांडला.

सभागृह भरलेलं. तरुण मुलं पुष्कळ, लांब केसांची. लायोनेलने प्रस्तावना केली, त्यात माझ्या चारी लग्नांचा उल्लेख झाला आणि लोक हसले. मीही हसलो, काय करणार! फ्रीडा माझ्या शेजारी, राखाडी पोशाखात. हात धरला नाही. स्वतःचे दोन्ही हात मांडीवर धरून बसली होती.

तुकडे दाखवत दाखवत एल्क फोर्कचं स्टेशन आलं. लायोनेलने आधी मोठ्या आवाजात सांगून ठेवलं होतं की आज प्रथमच तो हरवलेला भाग. सगळे पुढे सरकले. गाडी आली. रूथ चढली. आणि माझा आवाज. “हा वारा तुझं नाव गवताला शिकवील.”

मागून कुणीतरी खोकलं. एक मुलगी हसली. मोठ्याने नाही, पण मला ऐकू आलं. मला त्या मुलीला उभं करून विचारायचं होतं, बाई, तुझं नाव कधी कोणी गवताला शिकवलंय?

मग चेहरा आला. खोकला थांबला. ती हसणारी मुलगीही थांबली असणार, कारण त्या सबंध सभागृहात नंतर कपड्याची सळसळसुद्धा नव्हती. मी पडद्याकडे बघत नव्हतो, शेजारी बघत होतो. फ्रीडा त्या चेहऱ्याकडे अशी बघत होती, जणू हजारदा कापून-जोडून झालेलं नाही, आजच पहिल्यांदा बघतेय. गाल ओले होते. हिला कधी रडताना बघितलं नव्हतं मी. माझ्या वाक्याला रडत असेल, असं वाटलं आणि मन भरून आलं.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. मला पुष्पगुच्छ, फलक, बोलायला माईक. बोललो. थोडं जास्त बोललो असं बक म्हणाला.

बाहेर मोटारींपाशी मी फ्रीडाला म्हणालो, “काय मग? माझं वाक्य?”

तिने नाक पुसलं. “एक वाक्य जास्त झालं, ऑर्व्ह.”

“काय?”

“चांगलं होतं. जास्त होतं.”

“आत्ता कळलं तुला?”

“तू ‘नक्की’ म्हणालास तेव्हाच कळलं होतं.”

“मग अडवलं का नाहीस?” मी ओरडलो. लोक वळून बघायला लागले. “ती मुलगी हसली माझ्यावर! सबंध सभागृहात हसली! तुला कळत होतं आणि तू गप्प बसलीस? तू? गावातली सगळ्यात नावाजलेली कटर!”

“तुला विचारलं होतं ना मी.”

“विचारायचं म्हणजे नुसतं विचारायचं? सांगायचं नाही?”

ती मोटारीला टेकून हसायला लागली, अशी की बकने तिला धरलं. मीही हसलो असतो, पण मला राग आला होता आणि मला तो घालवायचा नव्हता. शेवटी ती म्हणाली, “रविवारी ये. फीत अजून यंत्रावर आहे. तू म्हणत असशील तर काढू.”

“मी काढू म्हटलेलं नाही!”

“मग ठेवू.”

“ठेवूही म्हटलेलं नाही!”

उद्या रविवार आहे. बकला गाडीत पेट्रोल भरून ठेवायला सांगितलंय. जाऊन तिला बजावणार आहे की ते वाक्य ‘शिकवील’वर संपत नाही, त्यानंतरचा माझा श्वास तिने कापलाय, लोक हसले ते त्यामुळे. श्वास परत लावावाच लागेल. याला फार वेळ लागणार, दुपारचं जेवण तिथेच होईल, आणि या वेळी तिचं काहीएक ऐकून घ्यायचं नाही असं मी ठरवलंय.